कॅमेरा दुसरं कुणीतरी वापरत आहे

ही गोष्ट खरी आहे.

सगळेच असं म्हणतात, ठाऊक आहे. पण ज्याच्या बाबतीत ती घडली तो माझा मावसभाऊ, आणि खोटं रचायला जेवढी कल्पनाशक्ती लागते तेवढी त्याच्याकडे कधीच नव्हती. तो पाणीपुरवठ्याच्या कचेरीत जमिनीखालच्या पाइपांचे नकाशे सांभाळतो. जे आहे ते दाखवायचं, जे नाही ते दाखवायचं नाही, ही त्याची नोकरी. घरात सगळे त्याला दादा म्हणतात.

वेळही भुताखेतांच्या सोयीची नव्हती. अमावास्या नाही, मध्यरात्र नाही. रविवारची लख्ख दुपार, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, डोक्यावर पंखा, आणि खाली कुणीतरी पाइप लावून गाडी धूत होतं.

दादा कॉम्प्युटरसमोर बसला होता आणि कॅमेऱ्यातले फोटो कॉम्प्युटरवर घेत होता.

म्हणजे, घेण्याचा प्रयत्न करत होता.

एकच फोटो हवा होता. तोही दादाला नाही, मावशीला. मावशी म्हणजे दादाची आई. संध्याकाळी ताई, दादाची धाकटी बहीण, गाडी घेऊन येणार होती आणि मावशीला आपल्याकडे कायमची घेऊन जाणार होती. मावशीच्या दोन बॅगा दाराशी भरून तयार होत्या. तिसरी पिशवी उघडी होती. त्यात एक रिकामी फ्रेम होती.

"त्यांचा आणि माझा एकत्र फोटो त्यात घालून दे," मावशीने सकाळीच सांगितलं होतं. "तेवढा मिळाला की मी निघाले."

'त्यांचा' म्हणजे काकांचा, दादाच्या वडिलांचा. काका जाऊन वर्ष होत आलं होतं. भिंतीवर त्यांचा जो फोटो होता तो ओळखपत्रावरून मोठा केलेला. त्यात काका नुकतेच पकडले गेल्यासारखे दिसतात. मावशी त्या फोटोकडे बघत नसे.

आता कुणालाही वाटेल, चाळीस वर्षांच्या संसारात नवरा-बायकोचा एक धड फोटो नाही?

नव्हता. कारण फोटो काका काढायचे.

काकांची एक पद्धत होती. घरात चार माणसं जमली की काका स्टँड उभा करायचे. मावशीला सोफ्यावर बसवायचे आणि तिच्या शेजारी स्वतःची जागा ठेवायचे. "जागा ठेवा," सगळ्यांना बजावायचे. मग टायमर लावायचे. कॅमेऱ्यावरचा नारिंगी दिवा लुकलुकायला लागायचा, टी… टी… टी… आणि काका म्हणायचे, "हलू नका. मी आलोच."

मग चपला फरफटत निघायचे.

तरुणपणी ते पोचायचे, पण धावत आल्यामुळे फोटोत हललेले असायचे. गुडघे गेल्यावर पोचेनासे झाले. कॅमेरा दहा सेकंद थांबायचा, काकांना बारा लागायचे. त्यामुळे घरातल्या सगळ्या फोटोंत मावशीच्या शेजारी एक रिकामी जागा आहे. कुठे त्या जागेत एक कोपर शिरलंय. कुठे अर्धी चप्पल.

"बाबा, सोडा तो कॅमेरा. द्या इकडे, तुम्ही बसा जाऊन," दादा दर वेळी म्हणायचा.

"तुझा हात हलतो," काका म्हणायचे. कॅमेरा त्यांनी शेवटपर्यंत कुणाच्या हातात दिला नाही.

पण मावशीचं म्हणणं होतं, ताईच्या नव्या घरी काढलेल्या शेवटच्या फोटोत ते पोचले होते.

"मला त्यांचं कोपर लागलं होतं," ती म्हणाली. "बसले आणि मग तो उजेड पडला. मी सांगते ना."

तो फोटो अजून कॅमेऱ्यातच होता. कॅमेरा काकांच्या कपाटात, लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेला सापडला. त्यातलं मेमरी कार्ड आत अडकून बसलेलं. दादाने चिमट्याने ओढून पाहिलं, तर ते आणखी आत गेलं. आता केबल लावूनच काय ते.

इथे एक सांगायला हवं. दादाच्या घरचा कॉम्प्युटर विंडोजवर नाही, लिनक्सवर चालतो. सगळं जग ज्यावर चालतं ते दादाला नको असतं. "यात स्वातंत्र्य आहे," असं तो म्हणतो. वहिनी म्हणते, "हो, गेल्या महिन्यात प्रिंटरला दिलंत ना."

दादाने केबल लावली. फोटोंचा प्रोग्रॅम उघडला.

पडद्यावर एक छोटी चौकट आली. 'कॅमेरा उघडता येत नाही. दुसरं कुणीतरी तो वापरत आहे.'

दादा घाबरला नाही. हे लिनक्सचं जुनं दुखणं आहे. केबल लावली की कॉम्प्युटरचा एक भाग आपणहून कॅमेरा ताब्यात घेतो, आणि मग फोटोंच्या प्रोग्रॅमला तो देत नाही. एकाच फायलीला दोन कारकून दोन टोकांनी धरून बसावेत तसं. पहिल्याचा हात सोडवला की काम होतं.

दादाने हात सोडवला.

चौकट पुन्हा आली. 'दुसरं कुणीतरी तो वापरत आहे.'

केबल काढली, लावली. मागच्या खाचेत लावली. पुढच्या खाचेत लावली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला.

'दुसरं कुणीतरी तो वापरत आहे.'

"झालं का रे?" आतून मावशी.

"होतंय, आई."

"तासाभरापूर्वी पण होतच होतं," वहिनी म्हणाली. ती मावशीची औषधं वेगवेगळ्या डब्यांत भरत होती. "अहो, खालच्या दुकानात नेऊन द्या. तो पाच मिनिटांत काढून देतो."

"दुकानात काय देऊ? मला येतं हे."

"येतं म्हणूनच सांगते."

दादाने टर्मिनल उघडलं. टर्मिनल म्हणजे ती काळी खिडकी, जिच्यात हुकूम टाइप करायचे असतात आणि जी उघडली की वहिनी स्वयंपाकघरात निघून जाते. त्याने विचारलं, कॅमेरा नेमका कुणी धरून ठेवलाय? त्या हुकमाला कॉम्प्युटर नेहमी नाव सांगतो.

या वेळी कर्सर खालच्या ओळीवर आला आणि लुकलुकत राहिला.

नाव नाही.

कुणीच धरलेला नव्हता…

आणि कॅमेरा सुटत नव्हता.

दादाने तोच हुकूम पुन्हा दिला. जरा जोरात टाइप केला, इतकंच. उत्तर तेच.

तेवढ्यात कुठेतरी बारीक आवाज सुरू झाला.

टी… टी… टी…

"अगं, तो मायक्रोवेव्ह बघ," दादा ओरडला.

"मायक्रोवेव्ह बंद आहे," वहिनीने आतून सांगितलं.

टी… टी… टी…

दादाने खाली पाहिलं. टेबलावर पडलेल्या कॅमेऱ्याचा नारिंगी दिवा लुकलुकत होता. भिंग बाहेर आलं होतं. ते सोफ्याकडे रोखलेलं होतं.

आणि सोफ्यावर मावशी बसली होती.

ती आतल्या खोलीतून केव्हा आली ते दादाला कळलं नाही. ताठ बसली होती, पदर नीट करून, हात मांडीवर. नजर सरळ भिंगात. एका कडेला सरकून बसली होती… शेजारी एका माणसाची जागा सोडून.

"आई?"

ती हलतच नव्हती.

टी-टी-टी-टी… शेवटच्या दोन सेकंदांत होतो तसा तो आवाज भरभर झाला.

आणि मग दादाच्या खुर्चीच्या मागून…

सप्… सप्…

कुणीतरी चपला फरफटत गेलं. टेबलापासून सोफ्याच्या दिशेने. घाईघाईत.

फ्लॅश पडला. खोली पांढरी झाली आणि परत होती तशी झाली. सोफ्यावर मावशी एकटीच होती. तिने श्वास सोडला.

"नाही पोचले," ती म्हणाली. एखादी बस थोडक्यात चुकल्यावर म्हणावं तसं. आणि उठून आत गेली.

दादा घाबरला असेल असं वाटत असेल तर तुम्ही दादाला ओळखत नाही. घाबरायला मन रिकामं लागतं. दादा दुपारपासून चिडलेला होता, आणि चिडलेल्या माणसासमोर भूत उभं राहिलं तरी तो आधी त्याला केबल धरायला सांगतो. त्याने मनाशी हिशोब लावला: बटण दाबलं गेलं असेल, जुना कॅमेरा आहे, आईला दगदग झाली आहे, आणि चपला वहिनीच्या असतील.

वहिनी घरात चपला घालत नाही, हे त्याला नंतर आठवलं.

त्याने पुन्हा प्रोग्रॅम उघडला.

'दुसरं कुणीतरी तो वापरत आहे.'

फोन वाजला. ताई होती. "दादा, मी टोलनाका सोडला. अर्ध्या तासात पोचते. आईला तयार ठेव. आणि तो फोटो झाला ना? रोज रात्री फोनवर तेच बोलते रे ती."

"काय बोलते?"

"म्हणते, त्यांचा चेहरा आठवायला गेले की हलतो."

दादाने फोन ठेवला. आतून मावशी मात्रेच्या वेळेबद्दल वहिनीला काहीतरी विचारत होती. दाराशी त्या दोन बॅगा होत्या, आणि उघड्या पिशवीत ती रिकामी फ्रेम. त्याला एकदम खूप राग आला. कॉम्प्युटरचा, केबलचा, कार्डाचा, आणि त्या हट्टी म्हाताऱ्याचा, ज्याला आयुष्यभर एकदा, एकदासुद्धा, कॅमेरा सोडवला नाही.

त्याने कॅमेरा उचलला आणि तो मोठ्याने म्हणाला, "बाबा, पुरे आता. सोडा तो. द्या इकडे, मी बघतो. तुम्ही बसा जाऊन आईपाशी."

खोलीत काही झालं नाही.

फक्त हातातला कॅमेरा जरासा हलका झाला. दुसऱ्या बाजूने धरलेली वस्तू समोरच्याने सोडावी…

तसा.

पडद्यावरची चौकट आपोआप गेली. फोटो येऊ लागले.

"झालं!" दादा म्हणाला. दुपारपासूनचा त्याचा पहिला आनंद. तो दोन सेकंद टिकला.

कारण नवी चौकट आली. 'या नावाचा फोटो आधीच आहे. बदलायचा?'

काका कॅमेऱ्यातून कधी काहीही पुसत नसत. "असू दे, जागा खातोय का?" असं म्हणायचे. दर वेळी काका नुसतं कार्ड काढून द्यायचे, दादा फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचा आणि कॅमेऱ्यात ते तसेच राहायचे. म्हणजे वर्षानुवर्षांचे सगळे फोटो आता पुन्हा येत होते, आणि कॉम्प्युटर प्रत्येकासाठी परवानगी मागत होता. चौकटीत दोन छोटी चित्रं दिसत होती. डावीकडे जुना फोटो, उजवीकडे नवा. दोन्ही सारखेच.

म्हणजे त्याला सारखेच वाटले. तोवर तो बघत नव्हता, नुसता दाबत होता.

बदलायचा? बदला. बदलायचा? बदला. बदलायचा?

"अहो, ताई आली खाली," वहिनी खिडकीतून म्हणाली.

दादाने चौकटीच्या तळाशी असलेल्या चौकोनात खूण केली. 'पुढच्या सगळ्या फोटोंना हेच लागू करा.' आणि बदला दाबलं.

सगळं सरसर झालं. शेवटी कॉम्प्युटरने विचारलं, 'फोटो आले. कॅमेऱ्यातले पुसायचे?'

पुन्हा कधी या कॅमेऱ्याचं तोंड बघायचं नाही, एवढंच दादाच्या मनात होतं.

पुसा.

मावशीला हवा असलेला फोटो उघडला तेव्हा ताई दारात उभी होती.

फोटो सुंदर होता. ताईच्या घरचा तो नवा सोफा. मावशी बसलेली. आणि तिच्या शेजारी काका. हललेले नाहीत, कोपर नाही, अर्धी चप्पल नाही. सबंध काका. ऐसपैस बसलेले, हसत. आयुष्यात पहिल्यांदा कशाचीही घाई नसल्यासारखे.

मावशी उठून आली. चष्मा वर करून पडद्याजवळ गेली. काकांच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

"पोचले," ती म्हणाली.

वहिनीने नाक पुसलं. दादाने प्रिंटर चालू केला आणि प्रिंटरसुद्धा पहिल्या झटक्यात चालला. खरं तर दादाला तिथेच शंका यायला हवी होती.

फोटो फ्रेममध्ये बसला. ताई तो हातात घेऊन बघत राहिली.

"दादा, तू कुठे आहेस यात?"

"मागे. हिच्या बाजूला, कडेला."

"कुठे?"

दादाने पाहिलं. मागच्या रांगेत वहिनी उभी होती. तिच्या बाजूला, कडेला, कुणीच नव्हतं. एका माणसाची जागा सोडून फोटो संपत होता.

"असं कसं?" वहिनी म्हणाली. "माझ्या शेजारी होतात तुम्ही. मी खांद्यावर हात ठेवला होता तुमच्या."

हात होता. फोटोत वहिनीचा हात बाजूला, खांद्याच्या उंचीवर उचललेला होता.

हवेवर ठेवलेला…

"तो कसा असेल फोटोत?" मावशी पिशवीची चेन लावत म्हणाली. "त्यानेच काढला ना."

"आई, बाबांनी टायमर लावला होता."

"टायमरचा दिवा चष्म्यात दिसतो," मावशी म्हणाली. "बघ दिसतो का."

दादाने पडद्यावर फोटो मोठा केला. मावशीचा चष्मा, त्याची काच. काकांच्या प्रत्येक फोटोत त्या काचेत एक नारिंगी ठिपका असायचा. इथे तो नव्हता. काचेत खिडकी होती. खिडकीसमोर, डोळ्याला कॅमेरा लावून, एक माणूस उभा होता. जरा पोक काढून. दादा उभा राहतो तसा.

ताई हसली. म्हणाली, तेव्हा तूच काढला असशील, आपण विसरलो. वहिनीही म्हणाली, असेल बाई. फोटो इतका चांगला होता की त्यावर वाद घालायची कुणाची इच्छा नव्हती. बॅगा लिफ्टमध्ये गेल्या. मावशीने फ्रेम ताईला घेऊ दिली नाही, छातीशी धरून नेली.

त्या दोघी गेल्यावर दादाने जुने फोटो उघडले. सगळे. वाढदिवस, सहली, आता बाहेरगावी शिकणाऱ्या त्याच्या मुलीच्या शाळेचा कार्यक्रम.

प्रत्येक फोटोत काका होते. मावशीच्या शेजारी, आरामात.

प्रत्येक फोटोत दादाची जागा रिकामी होती.

त्याने स्वतः बदलले होते. त्यानेच खूण केली होती, पुढच्या सगळ्यांना हेच लागू करा. जुने गेले होते. कॅमेऱ्यात पाहावं तर कॅमेरा रिकामा. दादाच्या लग्नाचा अल्बम तेवढा शाबूत आहे, कारण तो भाड्याच्या फोटोग्राफरने काढला होता आणि काका त्यातही स्वतःच्या कॅमेऱ्याआडच आहेत.

तेव्हा कुठे दादाला भीती वाटली. सावकाश वाटली, पण पुरती वाटली.

आता मावशी ताईकडे मजेत आहे. फ्रेम तिच्या उशाशी असते. "चेहरा हलत नाही आता," ती म्हणते. दर रविवारी दादाला फोन करते, औषधं विचारते, तब्येत विचारते, आणि ठेवताना म्हणते, "तुझी जागा ठेवली आहे हो. पण काही घाई नाही."

दादा म्हणतो, "बरं, आई."

कॅमेरा पुन्हा मोज्यात घालून कपाटात ठेवला आहे. त्याची बॅटरी दादाने काढून दुसऱ्या खोलीत ठेवली. तरी एखाद्या दुपारी त्या कपाटातून बारीक आवाज येतो. दादा आहे तिथे थांबतो. हलत नाही. आवाज थांबला की पुढचं काम करतो.

गेल्या आठवड्यात ताईचा फोन आला.

"दादा, तू ती फ्रेम बदललीस का?"

"मी तिकडे आलोय कुठे?"

"नाही, म्हणजे… आईच्या फोटोत कडेला काहीतरी आलंय. आधी नव्हतं. वहिनीच्या बाजूला."

"काय आलंय?"

पलीकडे फ्रेम उचलल्याचा आवाज आला.

"कोपर वाटतंय रे. निळ्या चौकड्यांचा शर्ट आहे."

दादाने आपलं कपाट उघडलं. सगळे शर्ट हाताने सारून पाहिले. पांढरे, राखाडी, एक तपकिरी. निळ्या चौकड्यांचा एकही नाही. त्याला इतकं बरं वाटलं की तो पलंगावर बसून एकटाच हसला.

संध्याकाळी वहिनी बाजारातून आली. तिच्या हातात एक पिशवी होती.

"तुमच्यासाठी घेतला," ती म्हणाली. "नेहमी तेच ते राखाडी घालता. म्हटलं, जरा चौकडा बरा दिसेल."

तो शर्ट अजून पिशवीतच आहे. दादा त्याला हात लावत नाही.

वहिनी रोज विचारते, "कधी घालणार?"